मंगळवार-शुक्रवारचा वारा

यंडावाराला आठवड्यातून दोनदा टपाल येणं चालूच राहिलं, आणि ते आणणाऱ्या ग्लेनिस पास्कोचं काम गेलं. झालं ते एवढंच. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. कारण त्या बुधवारी सकाळी दहाला यातलं काहीही झालेलं नव्हतं, आणि ग्लेनिस गावच्या सभागृहाच्या न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून चेहरा कोरा ठेवायचा सराव करत होती.

सरावाला कारण होतं तिच्या करारातलं कलम एकोणीस. ‘कंत्राटदाराने टपालसेवेविषयी सार्वजनिक ठिकाणी तोंडी, लेखी अथवा हावभावाने भाष्य करू नये. केल्यास करार आपोआप रद्द होईल.’ तोंडी समजलं, लेखीही समजलं. हावभावाने म्हणजे नेमकं काय, हे तिने सोमवारी फोन करून शहरातल्या कार्यालयाला विचारलं होतं. पलीकडची बाई ‘विचारून सांगते’ म्हणून गेली, बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली की हावभावात हात धरले जातात, मान धरली जाते, आणि भुवया तर धरल्याच जातात.

पंचाईत तिथेच होती. ग्लेनिसची डावी भुवई गेली तीस वर्षं तिच्या ताब्यात नव्हती. नवरा होता तेव्हा तो थाप मारायला लागला की ती वर जायची. नवरा गेला, भुवईची सवय राहिली. ग्लेनिसने ती ओल्या बोटाने दाबली, पाचपर्यंत आकडे म्हटले, बोट काढलं. भुवई जागेवर. मग ती आरशाला म्हणाली, “टपाल पंधरवड्यातून एकदाच येणार.”

भुवई वर गेली.

कार्यालयाचा प्रस्ताव हाच होता, आणि आज त्यावर सभा होती. आजवर ग्लेनिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी उजाडताना गाडी काढायची. चारशे ऐंशी किलोमीटरचा फेरा, त्यात चौदा घरं. एकेका घराचं कुरण एवढं की फाटकातून घर दिसत नाही, म्हणून प्रत्येकाने फाटकाशी एक मेलेला फ्रिज उभा करून ठेवलेला. टपाल त्यात ठेवायचं. उन्हाने वाळत नाही, गाय खात नाही. शेवटचं, चौदावं घर आयरिस टिलब्रुकचं. वय शहात्तर, एकटी, आणि फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या तिच्या गोळ्या टपालाने यायच्या. औषधवाला एका वेळी दोनच आठवड्यांच्या पाठवायचा, कारण पूर्वी महिन्याच्या पाठवल्या तेव्हा आयरिसने त्या अंदाजाने घेतल्या होत्या, आणि तिचा अंदाज सढळ होता. पाऊस इथे वर्षातून तीन-चारदाच पडतो, पण पडला की लाल रस्त्याचा लगदा होतो आणि दोन-तीन दिवस कुणाचंच चाक हलत नाही. आता एक फेरी बुडाली तर चार दिवसांनी पुढची असते. पंधरवड्याची बुडाली की महिना जाणार. ग्लेनिसने हे गाडी चालवताना शंभरदा मनात घोळवलं होतं, आणि दर वेळी महिना महिन्याएवढाच निघाला होता.

बोललं तर काम जाणार आणि गप्प बसलं तर आयरिसचं काही खरं नाही, असा सरळ मामला होता. त्यात ही भुवई.

सभागृहात बासष्ट माणसं बसली होती. म्हणजे गाव आणि चौदा घरं मिळून जेवढी आहेत तेवढी सगळी, ग्लेनिस आणि तापाने पडलेले चौघे वगळून. पंखे फिरत होते, हवा नव्हती. मागच्या टेबलावर चहाचं पिंप, भोपळ्याचे स्कोन नावाचे गोडसर पाव आणि खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन. लग्न असो, मयत असो की सरकार येवो, यंडावारात हेच तीन जिन्नस मांडले जातात, त्यामुळे आल्याआल्या नेमकं कशाला आलोय ते कळत नाही. आयरिस पहिल्या रांगेत होती. चांगली टोपी घालून, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. ग्लेनिस तिच्या मागे बसली आणि तिने नजर पंख्यावर लावली.

शहरातून क्विगलीसाहेब आले होते. त्यांचा हुद्दा लोकसहभाग व्यवस्थापक असा होता. माणूस वाईट नव्हता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता तरी तो सगळ्यांकडे बघून हसत होता. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मी इथे ऐकायला आलोय, आणि मग ते पन्नास मिनिटं बोलले.

पबचा मालक डेस्मंड कारू याने मध्येच हात वर करून विचारलं की आम्ही कधी बोलायचं. साहेबांनी समजावलं की तोंडी मतं नोंदवायची तरतूद नाही. मतं लेखी हवीत, टपालाने यायला हवीत, वर शिक्का हवा, आणि ती परवा शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत शहरातल्या कार्यालयात पोचायला हवीत.

डेस्मंडने बोटांवर मोजलं. मग शेजारच्याच्या बोटांवरही एकदा मोजून बघितलं. गाडी काल, मंगळवारी, गेलेली. पुढची शुक्रवारी उजाडताना. तिच्यातली पत्रं शहरात सोमवारी पोचतात.

“मग आमचं मत पाचच्या आत पोचणार कसं, साहेब?”

“चांगला मुद्दा आहे,” क्विगली म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. “हा तुम्ही लिहून पाठवा.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. ग्लेनिसने डोळे मिटले, कारण डोळे मिटल्यावर भुवईला जोर मिळत नाही असा तिचा समज होता.

डेस्मंड मात्र हटणारा नव्हता. वीस वर्षं दारुड्यांशी वाद घातलेला माणूस. त्याने विचारलं की पत्र साहेबांच्या नावाने असलं, आणि साहेब समोरच बसलेले असले, तर ते शहरात नेऊन परत आणायचं की इथेच हातात द्यायचं? क्विगलींनी नियमांची पुस्तिका उघडली. अंगठा ओला करून पानं उलटली. पत्र ज्याचं त्याला जिथे असेल तिथे द्यावं, असं तिथे छापलेलं होतं.

गावचं टपालघर म्हणजे सभागृहाच्या बाजूच्या भिंतीतली खिडकी, आणि तीही ग्लेनिसच चालवायची. ती उठली. बासष्ट माणसं आणि एक साहेब तिच्याकडे बघत होते. काही न बोलता, मान न हलवता, हात अंगाला चिकटवून ती खिडकीपाशी गेली आणि तिने फळी वर ढकलली. साहेबांनी तिचा चेहरा निरखला. चेहऱ्यावर काही नव्हतं. कणिक मळून ठेवावी तसा चेहरा.

पुढची वीस मिनिटं सभागृहात फक्त पेनांचा आवाज होता. लोक गुडघ्यावर लिहीत होते, भिंतीवर लिहीत होते, एकमेकांच्या पाठीवर लिहीत होते. सत्तावीस पत्रं झाली. ग्लेनिसने तिकिटं लावली, प्रत्येकावर शिक्का मारला, सगळी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं, नऊ पावलं चालून साहेबांसमोर आली, पिशवी सोडली, आणि एकेक पत्र त्यांच्या हातात दिलं. सगळी सही घेऊन द्यायची होती, डेस्मंडने तसा आग्रहच धरला होता. साहेबांनी सत्तावीस सह्या केल्या. एका पत्रात नुसतं ‘नाही’ लिहिलं होतं. एकात तीन पानं होती आणि त्यातली दोन मेव्हण्याबद्दल.

“मिळाली ना?” डेस्मंडने विचारलं.

साहेबांनी कपाळ पुसलं. त्यांचा सूर खरोखर दिलगिरीचा होता. पत्रं त्यांना मिळाली होती, पण कार्यालयाला मिळाली नव्हती. उद्या ते विमानाने परत जाणार. हाताने नेली तर ती टपालाने आली असं धरता येणार नाही. म्हणजे त्यांना ती इथूनच पुन्हा टपालात टाकावी लागतील. गाडी शुक्रवारी होती.

  पेनं खिशात परत गेली, आणि साहेबांनी शेवटचं चित्र पडद्यावर टाकलं.

आम्ही हा निर्णय हवेत घेतलेला नाही, ते म्हणाले. आम्ही अभ्यास केला. या मार्गावर एक चाचणीचं पत्र सोडलं होतं, आत नखाएवढं यंत्र. पत्र कधी ठेवलं, कधी उचललं, सगळं ते टिपणार. वर पत्ता घातला होता, ‘थांबा क्रमांक सात, यंडावारा मार्ग’. पडद्यावर एक लांबलचक सपाट रेष आली.

“एकेचाळीस दिवस,” क्विगली म्हणाले. “एकेचाळीस दिवस ते पत्र कुणी घरी नेलं नाही. आम्ही कुणाला दोष देत नाही. पण इथे टपालाची फारशी कुणाला घाई नसावी, असं यावरून दिसतं.”

सभागृहात बाकं करकरली. ग्लेनिसला ती करकर घरागणिक ओळखू आली, कारण बारा घरं जागच्या जागी अवघडली होती.

ते पत्र या बाराही घरांनी बघितलेलं होतं. थांब्यांचे क्रमांक शहरातल्या नकाशावर, आणि तो नकाशा ग्लेनिसलाही कधी दिलेला नव्हता. इथे घरांना नावं असतात आणि ती फ्रिजच्या दारावर रंगवलेली असतात. आपण सातवे आहोत हे सातव्याला ठाऊक नव्हतं. आणि इथली रीत अशी की जे आपलं नाही ते उघडायचं नाही, फेकायचं नाही, घरातही न्यायचं नाही. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून द्यायचं, म्हणजे टपालवाली पुढच्या फेरीला ते पुढच्या घरी लावून बघते. पहिल्या घराने तसंच केलं. दुसऱ्याने केलं. तिसऱ्याने केलं. प्रत्येकाला वाटलं की आपण नीट वागलो, आणि प्रत्येक जण नीटच वागला होता. एका फेरीला एक घर अशा बारा फेऱ्या त्या पत्राने ग्लेनिसच्या गाडीतून केल्या. पाच हजार सातशे साठ किलोमीटर. अभ्यास संपला तेव्हा ते बाराव्या घराच्या बर्फाच्या कप्प्यात होतं.

हे सगळं मिळून फक्त एका माणसाला ठाऊक होतं. प्रत्येक घराला आपल्यापुरतं ठाऊक. डेस्मंड ग्लेनिसकडे बघायला लागला. मग त्याची सगळी रांग. मग सगळेच.

ग्लेनिस पंख्याकडे बघत होती. पंख्याला चार पाती होती.

“रेषेवर हे बारीक काटे कसले?” मागून कुणीतरी विचारलं.

वारा, साहेब म्हणाले. वाऱ्याने फ्रिजची दारं हलतात, पत्र सरकतं. तंत्रज्ञांनी ते काटे हिशेबात धरलेले नाहीत.

ग्लेनिसची नजर पंख्यावरून खाली आली. काटे जोडीने होते. एक काटा, थोडं अंतर, दुसरा काटा. मग तीन-चार दिवस सपाट. पुन्हा जोडी. खाली बारीक अक्षरात वार छापलेले. पहिल्या जोडीतला पहिला काटा म्हणजे ती स्वतः, पत्र ठेवताना. दुसरा वीस मिनिटांनी. पहिल्या घरची बाई दुर्बीण लावून गाडीच्या धुळीकडे बघत बसलेली असते, तिने टपाल काढलं आणि परकं पत्र वर ठेवलं. दुसऱ्या जोडीत तासाचं अंतर, कारण तो म्हातारा घोड्यावर येतो. सहाव्या जोडीत पाचच मिनिटं. सहाव्या घरी दोन मुलं टपालाने शिकतात, त्यांची आई वह्यांसाठी फाटकातच उभी असते. सगळा मार्गच त्या रेषेवर तिच्याकडे बघत होता, आणि साहेब आता प्रोजेक्टर बंद करायला हात पुढे करत होते.

आयरिसने मागे न बघता, ओठ न हलवता म्हटलं, “गप्प बस, पोरी. तुझ्याऐवजी दुसरा कुणी आला तर तो मला काय ओळखणार आहे?”

बटणावर साहेबांचं बोट टेकलं.

“साहेब,” ग्लेनिस म्हणाली, “आमच्याकडे वारा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारीच सुटतो का?”

बोट थांबलं. क्विगलींनी पडद्याकडे बघितलं. वार वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांनी अतिशय नाखुशीने करार काढला आणि कलम एकोणीस नजरेखालून घातलं.

“हे भाष्य नाही,” ते हळूच म्हणाले. जणू तेच आरोपी होते. “हा प्रश्न आहे. प्रश्नाला कलमात मनाई नाही.” मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. “पण बाई, तुमची भुवई.”

बासष्ट माणसांनी बघितलं. भुवई कपाळाच्या मध्यावर होती.

“खाली घे ती,” आयरिस म्हणाली.

“आता राहू दे, आयरिस. चढलीय तर चढू दे.” ग्लेनिस उभी राहिली. तिने पुढच्या बाकाची पाठ धरली. तिने पत्राची हकिकत सांगितली, घर-घर नाव घेऊन, आणि प्रत्येक नावाला त्या त्या रांगेतून एक हात वर गेला. पत्र आलं त्या दिवशीच, तासाभरात, प्रत्येकाने फ्रिज उघडला होता. एकेचाळीस दिवसांत एकही फेरी अशी नव्हती की फाटकाशी कुणी वाट बघत नव्हतं.

मग ती अडखळली. पुढचं जे सांगायचं होतं ते तिचं नव्हतं. ते कळलं तर आपला भाचा येऊन आपल्याला गाठोड्यासारखं उचलून किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात नेईल, म्हणून आयरिसने तिच्याकडून न सांगण्याचं वचन घेतलं होतं. ग्लेनिसने आयरिसच्या टोपीच्या मागच्या बाजूकडे बघितलं. 

“सांग,” टोपीतून आवाज आला. “अर्धवट सांगून बसू नकोस. मला नाही आवडत.”

“मागच्या फेब्रुवारीत,” ग्लेनिस म्हणाली, “मंगळवारी मी हिच्या फाटकाशी गेले. ही नेहमी उभी असते. त्या दिवशी नव्हती. मी आत गेले तर ही स्वयंपाकघरात जमिनीवर. सकाळपासून.”

“आदल्या दुपारपासून,” आयरिस म्हणाली. “सकाळी मी कोंबड्यांना घातलं होतं.”

“आदल्या दुपारपासून. फिट येऊन गेलेली, जीभ सुजलेली, बोलता येत नव्हतं.”

“येत होतं. कुणी नव्हतं, म्हणून बोलले नाही.”

एक-दोघे हसले.

“साहेब, माझी फेरी पंधरा दिवसांनी असती,” ग्लेनिस म्हणाली, “तर मी हिच्या गोळ्या घेऊन गेले असते, पंधरा दिवसांनी कोण फाटकात उभं राहतं असं समजून फ्रिजात ठेवल्या असत्या, आणि त्याच्या पुढच्या फेरीला ‘घेणारे सापडत नाहीत’ असा शिक्का मारून परत आणल्या असत्या. आणि तुमच्या यंत्राने काय टिपलं असतं? वारा.”

ती खाली बसली. 

तोंडी मत नोंदवायची तरतूद नव्हती. क्विगलींनी सत्तावीस पत्रांतलं एक पालथं केलं, नुसतं ‘नाही’ लिहिलेलं, कारण त्यात जागा जास्त होती, आणि मागे लिहायला लागले. मध्येच त्यांनी आयरिसला विचारलं की आदल्या दुपारी साधारण किती वाजता. आयरिसने सांगितलं, आणि एक स्कोन खाऊन घ्या म्हणाली, तुमचा रंग बरा दिसत नाही. लिहून झाल्यावर त्यांनी दुसरा कागद काढला. कलम एकोणीसचा भंग झाल्याचा अहवाल त्यांना द्यावा लागणार होता, आणि ‘भंगाचा प्रकार’ या रकान्यात काय लिहावं हे त्यांनी ग्लेनिसलाच विचारलं. ग्लेनिसने खांदे उडवले. त्यांनी तेही लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी मंगळवारच्या टपालात, अगदी वेळेवर, कार्यालयाची दोन पत्रं आली. पहिलं गावाला होतं. ‘काट्यांची फेरतपासणी केली असता वारा जबाबदार नसल्याचे आढळून आले आहे. यंडावारा मार्गावरील टपाल पूर्ववत आठवड्यातून दोनदा सुरू राहील.’ ते डेस्मंडने पबच्या भिंतीवर खिळा मारून लावलं. दुसरं सही घेऊन द्यायचं होतं आणि ते ग्लेनिसच्या नावाने होतं. तिने ते रीतसर स्वतःला दिलं, सही घेतली, पावती फाडली आणि मग उघडलं. करार महिनाअखेरीस संपत होता. नवं कंत्राट सहाशे किलोमीटरवरच्या एका कंपनीला दिलं होतं. खाली एक ओळ होती, की मावळत्या कंत्राटदाराने नव्या चालकाला एकदा सोबत नेऊन मार्ग दाखवावा; आणि त्याखाली आणखी एक, की कलम एकोणीस पुढचे बारा महिने लागू राहील, व टपालाची गाडी हे सार्वजनिक ठिकाण समजण्यात येईल.

आयरिसला हे ग्लेनिसने शुक्रवारी फाटकाशी सांगितलं. आयरिसने गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये ठेवलं, पर्सचा खटका लावला आणि विचारलं की तो नवा कसा आहे. ठाऊक नाही, ग्लेनिस म्हणाली. वय तेवीस. इकडे कधी आलेला नाही.

“मग मी फाटकाशी नसले तर तो फ्रिजात ठेवून जाईल,” आयरिस म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. टपाल कसं चालतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

ग्लेनिसने गाडीतच, स्टिअरिंगच्या चाकावर कागद धरून, अर्ज लिहायला घेतला.

‘मा. लोकसहभाग व्यवस्थापक यांस. विषय: मार्ग दाखवताना बोलण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, अधोस्वाक्षरीकर्ती नव्या चालकास सोबत घेऊन मार्ग दाखवणार असून कलम एकोणीस अन्वये तिला तोंडी, लेखी अथवा हावभावाने काहीही सुचवण्यास मनाई आहे. तरी चारशे ऐंशी किलोमीटरच्या अंतरात ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ व ‘सावकाश’ हे तीन शब्द आवश्यकतेनुसार उच्चारण्याची, तसेच चौदाव्या घराच्या फाटकाशी कुणी उभे नसल्यास ‘आत जाऊन बघ’ हे एक पूर्ण वाक्य एकदाच, परंतु मोठ्याने, उच्चारण्याची परवानगी, आणि सदर वाक्य नव्या चालकाच्या करारात कायमस्वरूपी समाविष्ट केल्याचा आदेश, महिनाअखेरीपूर्वी परतीच्या टपालाने मिळावा, ही नम्र विनंती.’